बागेला एक कोटी ‘आले’ म्हणजे नक्की काय होतं?

सकाळी फिरून झालं की आम्ही चार-पाच जण सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एका चहाच्या गाड्यावर थांबतो. परवा नानांनी मोबाइल पुढं केला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या डिजिटल फलकाचा फोटो होता आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘उद्यानासाठी १ कोटीचा निधी खेचून आणला’.

“खेचून आणला म्हंजे कुठनं आणला रे? आणि आणलाय तर ठेवलाय कुठं?”

नाना कुपवाडच्या गुंठेवारीत, म्हणजे शेत तोडून गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या वस्तीत राहतात. एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं. घराजवळ चालण्यासारखी जागा नाही, म्हणून ते चालायला स्कूटरवरून येतात. मी अंदाजपत्रकं करणारा स्थापत्य अभियंता. रस्ते, गटारी आणि मधूनमधून बागा. त्यामुळं प्रश्न माझ्याकडंच बघून होता. गाड्यावर जे सांगितलं ते तुटक झालं, इथं जरा सलग लिहितो.

निधी ‘येतो’ तेव्हा पैसे येत नाहीत, कागद येतो. मुंबईहून शासन निर्णय निघतो. त्यात महापालिकेचं नाव, कामाचं नाव आणि रक्कम असते. हे झालं ‘मंजूर’. फलक याच दिवशी लागतो. पुढं महापालिकेनं नकाशा आणि अंदाजपत्रक करायचं, तांत्रिक मान्यता घ्यायची, प्रशासकीय मान्यता घ्यायची, निविदा काढायची आणि ठेकेदाराच्या हातात कार्यारंभ आदेश द्यायचा. दरम्यान सरकारच्या बीडीएस नावाच्या संगणक प्रणालीवर रक्कम टप्प्याटप्प्यानं सुटते. ती ‘वितरित’. काम झालं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल निघालं की तो ‘खर्च’. मंजूर आणि खर्च या दोन शब्दांत कधी कधी दोन पावसाळे जातात. शहरांतल्या सोयींसाठीच्या केंद्राच्या अमृत अभियानात, जे २०१५ मध्ये सुरू झालं, हप्त्यांचं प्रमाणच २०, ४० आणि ४० टक्के असं ठरलेलं होतं. पहिला हप्ता कुठं आणि कसा खर्च झाला याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा सुटत नसे. मध्येच निवडणूक लागली तर आचारसंहिता, आणि मग आमचा लाडका मार्चएंड. फेब्रुवारीत अचानक सगळ्या गावात पेव्हिंग ब्लॉक बसायला लागतात ते उगीच नाही.

बरं, बागेसाठी सरकारपुढं हात पसरायची वेळ का येते? महापालिकेकडं घरपट्टी जमा होते की. याचं उत्तर कायद्यात आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात दोन याद्या आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं: पाणी, गटार, कचरा, दिवाबत्ती, रस्ते. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं. सार्वजनिक बागा, क्रीडांगणं दुसऱ्या यादीत आहेत. म्हणजे पिण्याचं पाणी दिलं नाही तर महापालिका चुकली, बाग केली नाही तर फारतर मन मोठं केलं नाही. घरचं बजेट मांडताना किराणा, शाळेची फी, लाइट बिल सगळं जाऊन जे उरतं त्यात कुंड्या येतात, तसंच हे. पगार, पेन्शन, वीजबिल, पाणीउपसा यात स्वतःचं उत्पन्न संपतं आणि बागेसाठी बाहेरचा पैसा शोधावा लागतो.

आणि बाहेरचा पैसा एकरंगी नसतो. आमच्या धंद्यात म्हणतात, कामाच्या आधी ‘हेड’ बघ. हेड म्हणजे लेखाशीर्ष, पैसा कोणत्या पाकिटातला आहे ते.

वित्त आयोगाचं पाकीट सगळ्यात नियमित. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी दहा लाखांपेक्षा लहान शहरांना जे ठरवून दिलं, त्यातला ६० टक्के पैसा बांधलेला होता: निम्मा स्वच्छता आणि कचऱ्याला, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, सांडपाण्याचा पुनर्वापर यांना. उरलेला ४० टक्के मोकळा, पण पगारावर आणि आस्थापनेवर खर्च करायचा नाही या अटीवर. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतल्या अठरा विषयांपैकी कशावरही तो वापरता येत होता, आणि त्या यादीत बाराव्या क्रमांकावर बागा आणि खेळाची मैदानं आहेत. म्हणजे बाग बसते. मात्र त्याच ४० टक्क्यांवर रस्त्यांचे खड्डे, स्मशानभूमीची शेड आणि दिव्याचे खांबही डोळा ठेवून असतात.

अमृतमध्ये बागांसाठी वेगळा कप्पा होता, पण राज्याच्या वार्षिक आराखड्याच्या जास्तीत जास्त अडीच टक्के, आणि त्यात मुलांसाठीच्या सोयींवर भर. दहा लाखांपर्यंतच्या शहरांना केंद्र निम्मे पैसे देणार, बाकीचे राज्यानं आणि शहरानं मिळून उभे करायचे. हा ‘स्वहिस्सा’ फलकावर कधीच नसतो. मंजुरीची बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: यातले आपले किती?

मग राज्याची नगरोत्थान योजना, तिचा जिल्हास्तरीय भाग जिल्हा नियोजन समितीतून जातो. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचं अनुदान, आमदार निधी, खासदार निधी हे आणखी. वृक्षकर घरपट्टीच्या बिलात आपण स्वतःच भरतो, तो झाडांसाठी असतो. त्यातून घसरगुंडी घेता येत नाही. एका बागेला चार पाकिटांतून पैसे आले तर चार अंदाजपत्रकं, चार निविदा. एकानं केलेल्या फरशीखालून दुसऱ्याची पाइप जाणार असते. फरशी आधी होते.

एक कोटीचं वाटप करून बघू

नानांना मी गाड्यावरच पेपराच्या कडेला आकडे मांडून दाखवले. समजा, आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला बागा सुधारायला १ कोटी मिळाले. पूर्ण अनुदान, स्वहिस्सा नाही. त्यातून १८ टक्के जीएसटी आणि १ टक्का कामगार कल्याण उपकर वजा जाणार. हे टक्के मूळ कामावर लागतात, म्हणून उलटं गणित केलं तर हातात साधारण ८४ लाखांचं काम उरतं. त्रयस्थ तपासणीची फी आणि किरकोळ खर्च अजून बाजूला.

आता ८४ लाख वाटायचे कसे? सगळ्यात सोपा आणि सगळ्यात लोकप्रिय मार्ग, सगळ्यांना सारखे. २०१८ च्या निवडणुकीत महापालिकेचे २० प्रभाग होते. वीसनं भागा. प्रभागाला ४ लाख २० हजार. एवढ्यात बाग होत नाही. एवढ्यात होतात दोन बाक, चार दिवे आणि नावाची कमान. वीस कमानी उभ्या राहतात आणि सभागृहात कुणी भांडत नाही. हा विनोद नाही, समान वाटपाचा खरा उपयोग शांतता राखणं हाच असतो.

तीन गावं एक करून १९९८ मध्ये ही महापालिका झाली. त्यामुळं आपल्याकडं प्रभागाच्या वर आणखी एक वाटणी असते. सांगलीला दिलं की मिरज विचारते, दोघांना दिलं की कुपवाड. मी यात कुणालाच दोष देणार नाही, कारण तिन्ही ठिकाणी बागेची व्याख्याच वेगळी आहे. सांगलीत आमराईसारखी संस्थानकाळापासूनची झाडं आहेत. तिथं पैसा झाडं सांभाळायला आणि पायवाटा नीट ठेवायला लागतो. मिरजेत गणेश तळ्यासारखं पाणी मध्ये घेऊन काठ सुधारायचा. कुपवाडला मुळात जागा शोधण्यापासून सुरुवात.

दुसरा मार्ग लोकसंख्येवर. ऐकायला बरा, पण दाट वस्तीला पैसा दिला तरी तिथं बाग घालायला जागा असतेच असं नाही. तिसरा मार्ग, जिथं लोक आधीच जातात त्या मोठ्या बागेत सगळा पैसा ओतायचा. काम दिसतं, उद्घाटन दणक्यात होतं, आणि ज्याच्या दारात बाग आहे त्याच्या दारात अजून चांगली बाग होते.

नानांचं दुखणं इथंच आहे.

गुंठेवारी आणि ‘ओपन स्पेस’

शेतजमीन बिगरशेती करून रीतसर लेआउट मंजूर झाला तर नियमानं त्यातली १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते (४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेला). यालाच आपण कॉलनीतला ओपन स्पेस म्हणतो. पुढं मागं त्यात गणपती मंदिर होतं, बालवाडी होते, पण निदान जागा असते. गुंठेवारीत लेआउटच नसतो. मालकानं शेत तोडून एक-एक, दोन-दोन गुंठे विकले, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि परवडतं म्हणून कामगारांनी घेतले. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं ही घरं नियमित करण्याची सोय झाली, पण नियमित करताना न सोडलेली १० टक्के जागा कुठून आणणार? प्रत्येक गुंठ्यावर कुणाचं तरी घर आहे.

आता निधीच्या प्रस्तावाचा नमुना बघा. पहिल्याच पानावर रकाना: जागा महापालिकेच्या ताब्यात आहे का? सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक जोडा. ज्या कॉलनीला आधीच ओपन स्पेस आहे तिचा प्रस्ताव दुपारपर्यंत तयार होतो. नानांच्या गल्लीचा होतच नाही. कुणी मुद्दाम डावललं नाही, तरी पैसा गेला विश्रामबागेकडं. बागेच्या निधीवर मी इतकी वर्षं काम करतोय, त्यात मला सगळ्यात खटकतं ते हेच. भ्रष्टाचाराच्या गोष्टी लोक चवीनं सांगतात. हा मात्र संपूर्ण कायदेशीर अन्याय आहे, एकाही कागदावर खाडाखोड नाही.

“मग आमच्या नशिबी स्कूटरच म्हण की,” नाना म्हणाले.

तसं नाही. शहराच्या विकास आराखड्यात बागांची आरक्षणं असतात. पण त्या जमिनी बऱ्याचदा खासगी मालकीच्या असतात आणि बाग विकासाच्या निधीतून जमीन विकत घेता येत नाही, ते पाकीटच वेगळं. शिवाय प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम १२७ आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली तरी जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडतं. म्हणजे नकाशावरची हिरवी चौकट ही बाग नव्हे, ती मुदत असलेली हुंडी आहे. आपल्या भागातली कुठली चौकट कधी पिकते हे नगररचना विभागात विचारून ठेवायला हवं.

त्याखेरीज ज्या जागांना कुणी बाग म्हणत नाही त्या बघायच्या: पाण्याच्या टाकीखालचं आवार, महापालिकेच्या शाळेचं संध्याकाळी कुलूप लागणारं मैदान, नाल्याकाठची पट्टी. चाळीस मिनिटं चालायला कारंजं लागत नाही. दीडशे मीटरची गोल वाट, दिवे आणि टेकायला चार बाक असले की नानांचं काम झालं.

माझी एक चूक

वाटपात जागेनंतरचा मोठा प्रश्न पाण्याचा, आणि तो मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. फार पूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावासाठी मी बागेचं अंदाजपत्रक केलं होतं. गावाचं नाव नको, कारण चूक गावाची नव्हती. दहा गुंठे हिरवळ, तुषार सिंचन, मधोमध कारंजं. पाण्याचा स्रोत म्हणून मी लिहिलं, ‘उपलब्ध नळजोडणी’. नळाला पाणी एक दिवसाआड, तासभर यायचं. हे मला माहीत होतं आणि तरी लिहिलं, कारण बोअर धरली असती तर रक्कम मंजुरीच्या वर जात होती.

दहा गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरला रोज ५ लिटर धरले तर ५,००० लिटर झाले, म्हणजे रोज एक टँकर. मार्चअखेर हिरवळ चहाच्या चोथ्यासारखी झाली. तुषारची पितळी नोझल एकेक करून भंगारात गेली. कारंजाच्या हौदात पोरं क्रिकेट खेळायला लागली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्या सगळ्या बागेत लोकांच्या उपयोगाचं तेवढंच झालं, कारण हौदाला कठडा असल्यामुळं चेंडू बाहेर जात नव्हता.

सांगलीत ही चूक आणखी सहज होते, कारण कृष्णा बघून माणसाला वाटतं इथं पाण्याला काय तोटा. पूर येतो तो वरच्या कोयना-महाबळेश्वरकडच्या पावसानं. सांगलीवर स्वतःचा पाऊस बेताचाच पडतो. म्हणून हिरवळ कमी आणि झाड जास्त: कडुलिंब, करंज, बहावा, ताम्हण. पहिली दोन-तीन वर्षं पाणी घातलं की पुढं ती आपापलं बघतात.

पुराचाही हिशेब वाटपात धरावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ आहे. नदी आणि निळी पूररेषा (सरकारनं नकाशावर आखलेली पुराची हद्द) यांच्यामधल्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही, बाग किंवा मैदान चालतं. म्हणजे त्या जमिनीचा सगळ्यात शहाणा उपयोग बागच. फक्त तिथं लाकडी डेक, रबरी फरशी आणि जमिनीलगतचे विजेचे बॉक्स घालायचे नाहीत. पाणी ओसरल्यावर गाळ खरडून दुसऱ्या आठवड्यात बाग उघडली पाहिजे, अशी साधी ठेवायची. आणि नदीपासून लांब, शामरावनगरसारख्या सखल भागात, काळी माती हा वेगळाच शत्रू. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर घातलेले ब्लॉक दातांसारखे वाकडेतिकडे होतात. खाली मुरुमाचा जाड थर द्यावा लागतो. तो कुणाला दिसत नाही, म्हणून रक्कम बसवायची असली की अंदाजपत्रकातनं पहिला तोच जातो.

राहिला माळी. बहुतेक अनुदानं भांडवली कामासाठी असतात: बांधा, बसवा, लावा. माळ्याचा पगार, पाण्याच्या मोटारीचं बिल, तुटलेल्या झोक्याची साखळी हा महसुली खर्च, आणि तो त्या ‘ऐच्छिक’ रकान्यातून महापालिकेनं करायचा. नानांच्या पेपरावर मी शेवटचा आकडा मांडला. दोन माळी आणि एक रखवालदार, माणशी सगळं धरून महिना २०,००० रुपये समजा. वर्षाला ७ लाख २० हजार, पाच वर्षांत ३६ लाख. ८४ लाखांची बाग पाच वर्षं जिवंत ठेवायला ३६ लाख, वीज आणि पाणी वेगळं. हे ३६ लाख कुठल्याच फलकावर नसतात. म्हणून माझ्या मते एक कोटी मिळाले तर पाच नव्या बागा करण्यापेक्षा दोन करायच्या, आणि त्या दोन्हींच्या देखभालीची तरतूद महापालिकेच्या बजेटात आधी दाखवल्याशिवाय निविदाच काढायची नाही. निविदेत ठेकेदाराकडंच तीन वर्षांची देखभाल आणि झाडं जगवण्याची अट घालता येते. मेलेल्या झाडाचं बिल अडवता येतं, एकदा निघून गेलेलं बिल मात्र परत येत नाही.

नाना बराच वेळ आकड्यांकडं बघत होते. मग म्हणाले, “म्हंजे मी नगरसेवकाला बाग मागत होतो ती चुकीची वस्तू मागत होतो.”

काय मागायचं ते आम्ही त्याच पेपरावर लिहिलं. एमआयडीसीच्या बाजूला त्यांच्या गल्लीपासून सात मिनिटांवर एक पाण्याची टाकी आहे, भोवती बरीच मोकळी जागा, काटेरी तार आणि रानटी वेली. ती जागा कुणाच्या नावावर आहे याचा उतारा. असल्यास मोजणी नकाशा. टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी कुठं जातं. आणि माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या शुल्कात, गेल्या वर्षी उद्यान विभागाला महसुली खर्चात किती तरतूद होती आणि त्यातली किती वापरली.

दुसऱ्या दिवशी नाना फिरायला आले नाहीत. दुपारी फोन आला. नगर भूमापन कार्यालयात रांगेत उभे होते.

“चालताय का?” असं मी विचारायच्या आत नानाच म्हणाले, “आज चाळीस मिनिटं इथंच झाली, उभ्या-उभ्या. आणि ऐक, टाकीचा सर्व्हे नंबर सापडलाय. पण फाळणी नकाशात दोन पोटहिस्से दिसतायत. त्यातला आपला कुठला, ते बघायला येतोस का जरा?”